केबल तोडा म्हणणाऱ्यांना, ओहायोहून

गेल्या महिन्यात आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक ठराव आला. मांडणारा पुतण्या, अनुमोदन वहिनीचं. सांगलीच्या घरची केबल बंद करायची आणि सगळं ओटीटीवर न्यायचं, महिन्याला साडेतीनशे रुपये वाचतील. शेवटी ठेवणीतला मुद्दा: "काकाकडे अमेरिकेत कुणाच्या घरी केबल राहिलीय का आता?"

काका म्हणजे मी. कोलंबसला राहतो. आमच्याकडे केबल नाही हे खरं आहे. २०१६ साली तोडली आणि त्या दिवशी दादाला फोन करून बढाईही मारली. तेव्हापासून घरात हा विषय निघाला की मला साक्षीदार म्हणून उभं करतात. साक्ष द्यायला माझी ना नाही, फक्त ती पुतण्याच्या फारशी कामाची नाही.

इथे लोकांनी केबल का तोडली, ते आधी सांगतो. माझं शेवटचं बिल टीव्ही आणि इंटरनेट मिळून १६८ डॉलरचं होतं. जाहिरातीत तेच पॅकेज ८९.९९ ला होतं. मधले पैसे कुठून आले हे बघायला मी बिलाचं दुसरं पान उघडलं. दोन बॉक्सचं भाडं. 'रीजनल स्पोर्ट्स फी', जे खेळ आमच्या घरात कुणी बघत नव्हतं. आणि 'ब्रॉडकास्ट टीव्ही फी', म्हणजे जी चॅनेल हवेतून फुकट येतात तीच तारेतून पोहोचवल्याचे पैसे. हा प्रकार एकट्या माझ्या कंपनीचा नव्हता. सगळीकडेच इतका बोकाळला होता की २०२४ मध्ये इथल्या दूरसंचार आयोगाला नियम करावा लागला: या फिया धरून जो आकडा होतो, तोच ठळकपणे सांगा.

बंद करायला फोन लावला तर पाऊण तास गेला. समोरच्या बाईंचं कामच मुळी गिऱ्हाइकाला जाऊ न देणं हे होतं, आणि त्या ते फार गोड बोलून करत होत्या. शेवटी झालं बंद. पुढच्या महिन्यात बिल आलं आणि नुसत्या इंटरनेटचे ४५ चे ७५ झाले होते. का, तर टीव्हीसोबत घेतल्याची सवलत गेली. बढाईचा फोन मी हे बिल यायच्या आधी केला होता. नंतरचा खुलासा करायचा राहून गेला, तो आता नऊ वर्षांनी करतोय.

तरीही पहिली दोन-तीन वर्षं पैसे वाचले, चांगले वाचले. नेटफ्लिक्स तेव्हा स्वस्त होतं. क्रिकेटसाठी विलो घेतलं. मुलांना इथलं अमेरिकन फुटबॉल हवं म्हणून यूट्यूब टीव्ही घेतलं. हे नाव यूट्यूबचं असलं तरी वस्तू वेगळी आहे. इंटरनेटवरून येणारी केबलच ती, तीच चॅनेल, फक्त तार आणि बॉक्स नाही. एप्रिल २०१७ मध्ये ती सुरू झाली तेव्हा महिन्याला ३५ डॉलर होती. मग ४०, मग ५०, २०२० मध्ये ६५, २०२३ मध्ये ७३, आणि जानेवारी २०२५ पासून ८३. शेवटचे काही सेंट मी सोडून दिले आहेत, त्यांनी सोडलेले नाहीत. नेटफ्लिक्सचा बिनजाहिरातीचा साधा प्लॅन त्याच महिन्यात १७.९९ वर गेला. या सगळ्यात इंटरनेटचं बिल मिळवा. मी जिथून निघालो होतो, त्याच चौकात परत येऊन उभा आहे.

केबलवाले आणि चॅनेलवाले यांची भांडणंही सोबत आली. पूर्वी करार फिसकटला की केबलवरून चॅनेल गायब व्हायची आणि खाली पट्टी फिरायची, 'तुमच्या ऑपरेटरला फोन करा'. २०२५ मध्ये ३० ऑक्टोबरच्या रात्रीपासून १४ नोव्हेंबरपर्यंत डिस्नेची सगळी चॅनेल यूट्यूब टीव्हीवरून गायब होती, ईएसपीएन आणि एबीसीसकट, ऐन फुटबॉलच्या हंगामात. पट्टीच्या जागी ईमेल आला, एवढाच फरक.

म्हणजे स्ट्रीमिंग जिंकलं नाही असं नाही. मे २०२५ मध्ये, कोण किती टीव्ही बघतं हे मोजणाऱ्या नील्सन कंपनीच्या मोजणीत अमेरिकेतल्या टीव्हीसमोरच्या वेळेपैकी ४४.८ टक्के वेळ स्ट्रीमिंगला गेला. केबल आणि हवेतली चॅनेल मिळून ४४.२. असं पहिल्यांदाच झालं. पण लोक तिकडे गेले हा एक मुद्दा, आणि त्यांचे पैसे वाचले हा दुसरा. पुतण्याच्या ठरावात हे दोन्ही एकाच वाक्यात बसवले होते.

आता सांगलीकडे. तिथला हिशेब इथून सुरूच होत नाही, कारण भारतात केबल कधी महाग नव्हतीच. आमच्या घरात सगळ्यांना आठवतं, फेब्रुवारी २०१९ मध्ये ट्रायचा, म्हणजे तिथल्या दूरसंचार नियामकाचा, नवा नियम लागू झाला. केबलवाल्याने झेरॉक्स केलेला चॅनेलांचा फॉर्म आणून दिला आणि दादाने तो जेवणाच्या टेबलावर पसरून बॉलपेनने खुणा केल्या. शंभर चॅनेलांना १३० रुपये, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे, आणि पैशाच्या चॅनेलांचे वेगळे. पॅकमध्ये घालायच्या कुठल्याही चॅनेलला १९ रुपयांची मर्यादा. हवं तेवढंच घ्या, बिल उतरेल, असं सांगितलं होतं. अनेकांचं चढलं. मग २०२० मध्ये त्याच १३० मध्ये दोनशे चॅनेल झाली, आणि जुलै २०२४ मध्ये ट्रायने १३० ची कमाल मर्यादाच काढून टाकली. इतक्या उलथापालथीनंतरही दादा महिन्याला साडेतीनशेच भरतो. डॉलरला रुपयांनी गुणायची आपली सवय इथे सोडावी. साधी तुलना करा: २०२५ मध्ये इथे नेटफ्लिक्सचा सगळ्यात वरचा प्लॅन २४.९९ डॉलर होता, भारतात ६४९ रुपये. डिसेंबर २०२१ मध्ये नेटफ्लिक्सने भारतातला बेसिक प्लॅन ४९९ वरून १९९ वर आणला तो काही दयेपोटी नव्हे. माझ्या मते ती किंमत तिथल्या केबलवाल्यानेच पाडली. समोर स्वस्त केबल उभी असेल तर महाग ॲप कोण घेणार?

आणि समजा उद्या सगळ्यांनी केबल सोडली. मग ॲपला स्वस्त राहायचं कारण काय उरलं? इथे काय झालं ते मी वर लिहिलंच आहे.

पुतण्याच्या हिशेबात आणखी एक गंमत होती. नेटफ्लिक्सच्या पुढे त्याने शून्य लिहिलं होतं. कारण कितीतरी वर्षं ते माझ्या पासवर्डवर चालायचं. मे २०२३ मध्ये इथे पासवर्ड वाटणं बंद झालं, जुलैत भारतात. अशा गोष्टी तिकडे पोहोचायला आता फार वेळ लागत नाही. प्राइम व्हिडिओवर अमेरिकेत जानेवारी २०२४ मध्ये जाहिराती आल्या, नको असतील तर तेव्हा महिन्याला २.९९ डॉलर जास्त. भारतात १७ जून २०२५ ला आल्या, नको असतील तर वर्षाला ६९९ जास्त. पैसे भरून जाहिराती बघायच्या हे केबलचं मोठं पाप म्हणून आम्ही ती सोडली होती.

एका बाबतीत मात्र मला इथून भारताचा हेवा वाटतो, आणि घरच्या वादात ती गोष्ट कुणीच काढली नाही. स्ट्रीमिंगमध्ये पैसे वाचतात ते बंद करण्यात. केबलला बंधन होतं, स्ट्रीमिंगला नाही. एक मालिका बघायची, महिना संपला की सबस्क्रिप्शन बंद करायचं, दुसरीकडे जायचं. असं जो शिस्तीने करतो त्याचं खरोखर भागतं. पण कंपन्यांचा सगळा धंदा आपण विसरू यावर उभा आहे. मागच्या मार्चमध्ये टॅक्सची कागदपत्रं काढताना मला कार्डाच्या स्टेटमेंटमध्ये ५.९९ चा एक आकडा दिसला. लहान मुलांच्या कार्टूनचं ॲप. आमचा धाकटा आता मिशीला तेल लावतो. मागे मागे जात मोजलं तर चौदा महिने. त्र्याऐंशी डॉलर आणि शहाऐंशी सेंट, एकही भाग न बघता. बायकोने विचारलं, काय बघतोयस एवढं? मी म्हटलं, टॅक्स.

भारतात हे इतकं सहज होत नाही. रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, १ ऑक्टोबर २०२१ पासून: आपोआप पैसे कापायचे असतील तर किमान चोवीस तास आधी गिऱ्हाइकाला कळवायचं, आणि नको म्हणायची सोय द्यायची. नियम आला तेव्हा तिकडे केवढी आरडाओरड झाली होती, कार्डं चालेनात, बिलं अडकली. दादाही वैतागला होता. पण आज त्याच्या फोनवर आदल्या दिवशी मेसेज येतो, की उद्या एवढे कापणार. इथे केंद्रीय व्यापार आयोगाने २०२४ मध्ये नियम केला होता की घ्यायला जितकं सोपं तितकंच सोडायलाही असावं. जुलै २०२५ मध्ये, तो पूर्ण अमलात यायच्या काही दिवस आधी, न्यायालयाने तो रद्द केला. तेव्हा ओटीटीवर जायचंच असेल तर तो मेसेज वाचायची जबाबदारी कुणाची, हे आधी ठरवा, असं मी ग्रुपवर लिहिलं. त्यावर फक्त वहिनीचा वर केलेला अंगठा आला.

आईला कुणी विचारलं नव्हतं. ती शहात्तर वर्षांची आहे आणि घरातला टीव्ही सगळ्यात जास्त तीच बघते. २०२२ च्या उन्हाळ्यात ती आमच्याकडे होती तेव्हा मी मोठ्या कौतुकाने तिला तिच्या मालिका ॲपवर लावून दिल्या. कधीही बघ म्हटलं, मागचे सगळे भाग आहेत. ती रोज सकाळी दहाच्या ठोक्याला सोफ्यावर येऊन बसायची. दहाच का? तिकडे साडेसात वाजलेले असतात. भाग संपला की मावशीला फोन, आणि दोघी मिळून त्या सुनेला नावं ठेवणार. आधी बघितला तर मावशीने बघितलेला नसतो, नंतर बघितला तर मावशी सांगून टाकते. रिमोटचं तर विचारूच नका. टीव्ही लावल्यावर पडद्यावर चार रंगीत चेहरे येऊन 'कोण बघतंय?' विचारायचे, आणि ती मला हाक मारायची, "अरे, हा विचारतोय कोण आहे म्हणून." घरी तिला तीन आकडे दाबले की चॅनेल लागतं. ते आकडे तिला पाठ आहेत, माझा फोन नंबर नाही.

केबलवाल्याबद्दल मी हळवा होणार नाही. पावती मागितली की तो हसतो, आणि पावसात त्याची तार हमखास जाते. पण फोन केला की संध्याकाळपर्यंत स्कूटरवर शिडी आडवी घेऊन येतो. आणि केबल तोडून त्याला शिक्षा होईल असं पुतण्याला वाटत असेल तर त्याने घरातल्या राउटरचं बिल बघावं. आमच्याकडे नेटही तोच देतो. त्याची तार जाईल तेव्हा ओटीटीही जाणार.

खरोखर काटकसर करायची असेल तर दोन्हीकडे तिसरा रस्ता आहे, आणि त्याची जाहिरात कुणी करत नाही, कारण त्यात कुणाला दर महिन्याला काही मिळत नाही. केबल तोडल्यावर मी तीस डॉलरचा, कागदासारखा पातळ अँटेना आणला आणि बैठकीच्या खिडकीला चिकटपट्टीने लावला. आधी उत्तरेच्या काचेला, तिथे चित्राचे चौकोन होत होते. मग पूर्वेच्या. तिथे चार, सहा, दहा नंबरची तिन्ही मोठी स्थानिक चॅनेल स्वच्छ लागली, फुटबॉल, बातम्या, वादळाचे इशारे सगळं धरून. बायकोला तो खिडकीवरचा चौकोन अजून खुपतो. गंमत म्हणजे अमेरिकेत केबल आली तीच मुळी ही फुकटची चॅनेल नीट दिसावीत म्हणून. १९४८ च्या सुमारास पेनसिल्व्हेनियात, डोंगरांच्या आड बसलेल्या गावांसाठी टेकडीवर अँटेना लावून खाली तार आणली, तिथून हा धंदा सुरू झाला. भारतात डीडी फ्री डिश २००४ च्या डिसेंबरपासून आहे. एकदा छत्री आणि बॉक्स घेतला की दरमहा काही नाही. सह्याद्री दिसते, बातम्या दिसतात. आई बघते त्या मालिका मात्र तिथे नाहीत, त्यामुळे आमच्या घरात तो ठराव मांडायच्या आधीच पडला.

शेवटी दादाने निकाल दिला. केबल राहील, पण खेळाचे आणि इंग्रजीचे पॅक काढायचे, आईची चॅनेल ठेवायची. ॲप एका वेळी एकच, आणि मेसेज येतो तो फोन वहिनीचा लावायचा. पुतण्याने विचारलं, क्रिकेट? दादा म्हणाला, ते एकच ॲप कुठलं ते तू ठरव.

मी अजून यूट्यूब टीव्हीचे ८३ डॉलर भरतोय. फुटबॉलचा हंगाम संपला की बंद करणार आहे. बायकोने हे वाचून विचारलं, गेल्या फेब्रुवारीत काय झालं होतं मग?