त्या खेळांना हात वेगळे लागायचे

दोन दांड्या. बटण एकही नाही. १९८० साली जपानच्या निचीबुत्सू कंपनीने काढलेल्या ‘क्रेझी क्लायंबर’ या आर्केड गेमच्या, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या मशीनच्या, पॅनेलवर खेळायला एवढंच असायचं. पडद्यावर एक उंच इमारत आणि तिच्या खिडक्यांना लटकलेला एक माणूस. डावी दांडी म्हणजे त्याचा डावा हात, उजवी म्हणजे उजवा. दांडी वर ढकलली की तो हात वरच्या खिडकीची कड धरतो, खाली ओढली की त्या हातावर अंग वर खेचलं जातं. एक वर, एक खाली, मग उलट. माडावर चढणाऱ्या पाडेल्याला जशी लय सापडते तशी ती तुम्हाला सापडली की मजल्यामागून मजले सरसर मागे पडतात.

आणि ती लय मोडण्यासाठीच सगळा खेळ रचलेला आहे. खिडक्या मधेच मिटतात. ज्या खिडकीवर हात आहे तीच मिटली तर त्या हाताची पकड सुटते, दोन्ही हातांखालच्या मिटल्या तर माणूस थेट खाली. वरचे रहिवासी डोक्यावर कुंड्या टाकतात. पुढे एक भला मोठा पक्षी अंडी टाकत घिरट्या घालतो, एक गोरिला ठोसे मारतो, दुकानांच्या पाट्या निखळून येतात. कुंडी आता अंगावर येणारच असं दिसलं तर पळायचं नसतं. दोन्ही हातांनी घट्ट धरून तो मार सोसायचा, मग पुढे निघायचं. चढत असताना, एक हात हवेत असताना लागली तर गेलात. मला हा क्षण फार आवडतो. थांबायचं की निघायचं हे तिथे बोटाने बटण दाबून ठरत नाही, दोन्ही मनगटांनी ठरतं.

आज किती जणांना हा गेम आठवतो? जपानबाहेर फार थोड्यांना. रेट्रो गेमिंगच्या गप्पांमध्ये एक वाक्य वारंवार येतं: जे गेम विसरले गेले ते विसरण्याच्याच लायकीचे होते, चांगले ते टिकलेच. मला हे अजिबात पटत नाही. इतकी वर्षं हे जुने गेम खेळून माझं मत असं झालंय की त्यातले पुष्कळसे गेले ते त्यांच्या पॅनेलमुळे. पॅक-मॅनला चार दिशांची एक दांडी पुरते. म्हणून तो घरच्या कन्सोलवर गेला, मनगटी घड्याळात गेला, मोबाइलवर गेला, कुठेही गेला तरी तोच राहिला. ज्या गेमने स्वतःसाठी वेगळं हत्यार बनवून घेतलं होतं, त्याला जसाच्या तसा घरी नेणारं फारसं कुणी नव्हतं. घरी नीट गेला नाही म्हणून मुलांच्या आठवणीत गेला नाही, आणि मोठं झाल्यावर त्या मुलांनी त्याच्यावर काही लिहिलं नाही. साधी साखळी आहे.

याला अपवाद आहेत, ते मान्यच. सेंटिपीडला ट्रॅकबॉल, म्हणजे पॅनेलमध्ये बसवलेला, तळहाताने फिरवायचा गोळा होता, मिसाइल कमांडलाही होता, तरी दोन्ही सगळ्यांना ठाऊक आहेत. पण ते आर्केडमध्येच इतके चालले होते की घरची आवृत्ती बेतास बात असली तरी नाव टिकलं. ज्यांना ती पहिली उडी मिळाली नाही त्यांचं मी बोलतेय.

ती उडी मिळायची की नाही हे कसं ठरायचं तेही सांगायला हवं. अमेरिकेत अटारीसारख्या कंपन्या नव्या गेमची एक-दोन मशीन आधी एखाद्या चालू आर्केडमध्ये नेऊन ठेवत. काही आठवडे गल्ला मोजायचा, शेजारच्या मशीनशी ताडून बघायचा. पैसे कमी पडले की गेम रद्द, किंवा थोडीच मशीन काढायची. अटारीचा १९८२चा ‘अक्का आर्र’ याच परीक्षेत पडला आणि बाजारात आलाच नाही. जगात त्याची तीनच मशीन असल्याचं माहीत आहे. त्याचा कोड २०१९ साली बाहेर आला तेव्हा कुठे बाकीच्यांना तो बघायला मिळाला. आता विचार करा, ज्या खेळाचं साधनच नवं आहे तो पहिल्या नाण्यात कसा जमेल? पहिलं नाणं हात समजून घेण्यातच जातं. दुसरं टाकायला धीर लागतो, आणि गल्ला मोजणाऱ्याला तो धीर दिसत नाही.

‘क्वांटम’ हे त्याचं सगळ्यात दुःखद उदाहरण. १९८२, अटारी. त्यामागची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. जनरल कॉम्प्युटर कॉर्पोरेशन नावाची, एमआयटीतून शिक्षण सोडलेल्या मुलांची एक छोटी कंपनी होती. त्यांनी अटारीच्या मिसाइल कमांडला जोडायचं एक किट बनवून विकलं, त्याने तोच गेम आणखी अवघड व्हायचा. अटारीने त्यांच्यावर दावा ठोकला. शेवटी तडजोड अशी झाली की या मुलांनी अटारीसाठीच गेम करावेत. याच कंपनीने बॅली मिडवेसाठी ‘मिस पॅक-मॅन’ केला, त्याची लाखाहून जास्त मशीन खपली. आणि अटारीसाठी केला ‘क्वांटम’, रचना बेटी रायन यांची. त्याची निघाली सुमारे ५००.

खेळ असा. काळ्या पडद्यावर रंगीत रेषांनी काढलेली केंद्रकं तरंगत असतात, त्यांच्याभोवती इलेक्ट्रॉन फिरत असतात. तुमच्या हाताखाली ट्रॅकबॉल. तो फिरवला की एक ठिपका धावतो आणि मागे रेघ सोडतो. गोळी नाही, बटण दाबणं नाही. केंद्रकाला रेघेचा वेढा घालायचा. रेघ स्वतःला येऊन मिळाली की आतलं सगळं तुमचं. एकाच वेढ्यात दोन-तीन धरले तर गुण भराभर वाढतात, म्हणून हाव सुटते. पण रेघ काही वेळाने मागून विरत जाते, त्यामुळे वेढा फार मोठा घेतला तर मिळायच्या आत सुरुवातच नाहीशी होते. लहान घेतला तर ठिपका केंद्रकाला किंवा इलेक्ट्रॉनला घासण्याची भीती, आणि स्पर्श झाला की संपलात. या दोन भीतींच्या मधे तळहाताने गोल काढत राहायचं. सगळ्यात वरचा स्कोअर केलात तर त्याच ट्रॅकबॉलने पडद्यावर सही करता येते! अक्षरं निवडून टाइप करायची नाहीत, हाताने लिहायची. ज्या खेळात पूर्ण वेळ रेघच ओढली, त्याचा शेवट सहीने व्हावा, हे ज्याला सुचलं त्याला माझा सलाम.

माऊसवर क्वांटम बरा जमतो. पण माऊसला थांबवावं लागत नाही, तो हातासोबत थांबतो. जड ट्रॅकबॉल एकदा फिरवला की फिरत राहतो, त्याला तळव्याने आवरावं लागतं. गोलाची शेवटची वळणं त्या आवरण्यावर अवलंबून असतात. आणि पडद्याचं काय? तो व्हेक्टर मॉनिटर होता. त्यात इलेक्ट्रॉनचा झोत थेट रेघ काढतो, ठिपक्यांची जाळी नसते, त्यामुळे काळ्यावर ती रेघ जळत असल्यासारखी दिसते. आपल्या सपाट स्क्रीनवर ते तेज येत नाही.

अटारीचाच १९७८चा ‘फायर ट्रक’ तर घरात येणं शक्यच नव्हतं. एक माणूस खुर्चीत बसतो, त्याच्याकडे मोठं स्टिअरिंग आणि पायाखाली पेडल. दुसरा त्याच्या मागे उभा राहतो, त्याच्याकडे दुसरं स्टिअरिंग. पुढचा लांबलचक अग्निशामक गाडीचं तोंड वळवतो, मागचा तिची शेपटी. पडदा एकच, गाडी एकच, वरून दिसणारे काळे-पांढरे रस्ते. पुढच्याने वळण घेतलं आणि मागचा तयार नसला तर मागचा भाग कुठेतरी जाऊन आदळतो. दोन माणसांनी एकमेकांविरुद्ध खेळण्याच्या त्या दिवसांत एकत्र खेळायला लावणारा हा गेम, आणि एकत्र म्हणजे शब्दशः एका गाडीत. अटारीने ‘स्मोकी जो’ नावाने एकट्याने चालवायची आवृत्तीही काढली. मला ती अर्धीच वाटते. मागे उभं राहून ओरडणारं कुणी नसेल तर त्या गाडीला शेपटी कशाला?

जोडीने खेळायच्या गेमचा विषय निघालाच आहे तर १९८०चा ‘रिप ऑफ’ही सांगते. सिनेमॅट्रॉनिक्स कंपनी, रचनाकार टिम स्केली. मधे इंधनाचे आठ डबे, चोर गाड्या येऊन ते ओढून नेतात. यात तुमच्या लाइफ मोजत नाहीत. कितीही वेळा मरा, परत येता. शेवटचा डबा पडद्याबाहेर गेला की खेळ संपला. म्हणजे जोडीदाराने मधे येऊन मार खाल्ला तरी चालेल, डबा वाचला पाहिजे. आजही मोठमोठ्या गेममध्ये हा साधा विचार क्वचित दिसतो.

आता माझा सगळ्यात आवडता, ‘लिबल रॅबल’. १९८३, नामको, रचनाकार तोरू इवातानी. हो, तेच, ज्यांनी तीन वर्षं आधी पॅक-मॅन केला. जगाने त्यांचा एक खेळ डोक्यावर घेतला आणि दुसऱ्याचं नावही ऐकलं नाही. मैदानात ओळीने खुंट्या रोवलेल्या. दोन बाण, दोन दांड्या, एका हाताला एक. दोन बाणांच्या मधे ताणलेली एक दोरी. बाण खुंट्यांभोवती फिरवत न्यायचे, दोरी खुंट्यांना अडकत जाते, आणि जागा चारही बाजूंनी बंद झाली की आतली मश्रूमसारखी छोटी मंडळी गोळा होतात. मैदानात कुठेतरी अदृश्य खजिना पुरलेला असतो, त्यालाही असंच वेढावं लागतं.

ऐकायला सोपं वाटतं. बसून बघा. डावा बाण डावीकडे आहे तोवर सगळं ठीक. दोरी गुंडाळता गुंडाळता डावा बाण उजवीकडे गेला की मेंदूचा पार गोंधळ उडतो, आपला कुठला हात कुठे आहे तेच कळेनासं होतं. मग हळूहळू दोन हातांना दोन कामं वाटून देता येतात: एक खुंटीपाशी स्थिर, दुसरा फिरता. तो दिवस आला की हा खेळ सोडवत नाही. पॅक-मॅनमध्ये मी भुतांपासून पळते. इथे मी माझ्याच दुसऱ्या हाताशी जुळवून घेत असते. मला विचाराल तर इवातानींचा अधिक थोर खेळ हाच.

‘आय, रोबॉट’बद्दल थोडक्यात, कारण त्याचं नाव निदान तज्ज्ञांना माहीत आहे. १९८४, अटारी, डेव्ह थ्युरर, म्हणजे मिसाइल कमांड आणि टेम्पेस्टवाले. भरीव त्रिमिती आकृत्यांचा हा पहिला व्यावसायिक आर्केड गेम, ‘व्हर्चुआ फायटर’ या गाजलेल्या त्रिमिती मारामारीच्या गेमच्या नऊ वर्षं आधीचा. लाल चौकोनांवरून चालत ते निळे करायचे, एक मोठा डोळा पाहत असतो, आणि डोळा उघडा असताना उडी मारायला बंदी. मारलीत तर मेलात. कॅमेरा तुम्ही हलवू शकता आणि जितक्या अडचणीच्या कोनातून बघाल तितके गुण जास्त. खेळायचं नसेल तर त्याच नाण्यात नुसती चित्रं काढत बसायची सोयही आहे. १९८४च्या गिऱ्हाइकाला यातलं काय समजणार होतं?

मग १९८५ साली जपानी उत्पादकांच्या ‘जामा’ या संघटनेने वायरिंगचं एक प्रमाण ठरवलं. ५६ पिनांची एकच जोडणी. मशीन तेच ठेवून आतला बोर्ड बदलला की नवा गेम. धंद्याच्या दृष्टीने उत्तम, आणि आपल्याकडे गेम पार्लर गल्लोगल्ली पोचली त्यात याचा वाटा मोठा आहे असं मी मानते. प्लायवूडचं खोकं, एक दांडी, दोन-तीन बटणं, आत बोर्ड कुठलाही. कॅपकॉमचा १९९३चा ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ म्हणजे आपला ‘मुस्तफा’ असाच घराघरातल्या पोरांपर्यंत आला. माझं त्या गेमवर प्रेम आहे. पण त्या खोक्यात क्रेझी क्लायंबरला किंवा फायर ट्रकला जागा नव्हती. स्ट्रीट फायटर २ ला सहा बटणं लागतात तर त्यासाठीसुद्धा वेगळी वायर जोडावी लागे. आपल्या पिढीला आर्केड म्हणजे एक दांडी आणि बटणं एवढंच वाटतं, कारण आपल्यापर्यंत पोचलं ते त्या प्रमाणातून गाळून पोचलं.

आज हे खेळ मिळतात. १९९७ पासून ‘मेम’ने, म्हणजे जुनी आर्केड मशीन संगणकावर चालवून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमने, हजारो गेम जपलेत, ते काम करणाऱ्यांचं ऋण फार मोठं आहे. ‘अटारी ५०’ या २०२२च्या संग्रहात क्वांटम, आय रोबॉट, फायर ट्रक, अक्का आर्र हे चारही आहेत. आणि आताच्या प्रत्येक गेमपॅडवर दोन छोट्या दांड्या असतात, त्यामुळे क्रेझी क्लायंबर आणि लिबल रॅबल घरी नीट खेळता येतात, पूर्वी कधीही येत नव्हते इतके. आधी हे दोन खेळा.

पण माझी खरी तक्रार वेगळी आहे. या खेळांचे शेकडो व्हिडिओ नेटवर आहेत आणि जवळपास सगळ्यांत फक्त पडदा दिसतो. क्वांटमचा व्हिडिओ बघून कुणाला कळणार की खेळणाऱ्याने बॉल कुठे मोकळा सोडला आणि कुठे आवरला? लिबल रॅबलमध्ये कुठला हात थांबला होता? खेळ कसा खेळतात हे त्या हातांत आहे, आणि ज्यांचे हात तयार आहेत ती माणसं आता साठी-सत्तरीत आहेत. अमेरिकेत किंवा जपानमध्ये राहणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींनो, न्यू हॅम्पशरचं फनस्पॉट किंवा शिकागोजवळचं गॅलपिंग घोस्ट अशा ठिकाणी गेलात आणि मूळ मशीनवर कुणी चांगलं खेळताना दिसलं, तर परवानगी घेऊन मोबाइल त्यांच्या हातांवर धरा. पाच मिनिटं पुरे. पडदा कोपऱ्यात दिसला तरी चालेल. आणि इथल्या जुन्या पार्लरवाल्यांपैकी कुणाकडे ते प्लायवूडचं खोकं अजून माळ्यावर पडलं असेल तर त्याच्या पॅनेलचा एक फोटो मला पाठवा, दांड्या-बटणांसकट, आणि कुठल्या बटणाला काय होतं तेही लिहा.