रोजच्या अकरा उड्या

कांदेनवमीच्या दिवशी आमच्या घरी कांद्याची भजी, कांद्याचे थालीपीठ आणि तोंडी लावायला पुन्हा कांदाच असा बेत असतो, आणि तो संपता संपता आई पदराला हात पुसत दरवर्षीचा प्रश्न विचारते : "मग यंदा चातुर्मासात कोण काय नेम धरणार?" तिचा स्वतःचा नेम ठरलेलाच आहे. कांदा, लसूण आणि वांगे बंद. त्याला दरवर्षी एखादा जोडनेम असतो. एके वर्षी तिने जेवताना मौन पाळले होते, आणि त्या काळात आमटीत मीठ कमी पडले की ती वाटीवर चमचा एकदा वाजवी आणि जास्त झाले की दोनदा. बायकोने यंदा लिफ्ट सोडली. आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो हे लक्षात घेता हा नेम जरा भारीच होता. मी मात्र गेली पंधरा वर्षे "बघू" एवढे म्हणून हात धुवायला उठत आलो आहे. यंदा तिसऱ्यांदा घेतलेल्या भज्यांचा परिणाम असेल, पण उठता उठता मी म्हणालो, "मी आकाशगंगेच्या मध्यापर्यंत जाणार आहे."

येथे थोडा खुलासा आवश्यक आहे. 'एलिट डेंजरस' नावाचा एक संगणकीय खेळ आहे. १९८४ साली केंब्रिजच्या दोन विद्यार्थ्यांनी लिहिलेल्या 'एलिट' या खेळाचा हा वंशज डिसेंबर २०१४ मध्ये बाजारात आला. त्यात आपली आकाशगंगा तिच्या खऱ्या आकारमानात मांडलेली आहे : सुमारे चाळीस हजार कोटी तारे आणि त्यांच्यापैकी बहुतेकांभोवती कोणी कधी न पाहिलेले ग्रह. इतक्या वर्षांत जगभरच्या खेळाडूंनी मिळून त्यातले एक टक्का तारेदेखील पाहून झालेले नाहीत. या खेळात जिंकणे म्हणून काही नसते, आणि मला तो आवडतो त्याचे कारण तेच आहे. ज्यांना लढायचे ते लढतात, ज्यांना व्यापार करायचा ते व्यापार करतात, आणि ज्यांना ऑफिसात दिवसभर माणसेच माणसे भेटतात ते एकटे दूर कुठेतरी निघून जातात.

आकाशगंगेच्या मध्यावर 'सॅजिटेरियस ए-स्टार' हे कृष्णविवर आहे. सूर्यापासून ते सुमारे २६,००० प्रकाशवर्षे दूर आहे. हे अंतर मोठे असले तरी चांगल्या जहाजातून ते दोन-तीन संध्याकाळींत कापता येते, आणि असंख्य लोकांनी ते कापलेले आहे. त्यामुळे नुसते जाणे हा काही नेम झाला नसता. नेमाला थोडा तरी त्रास हवा. म्हणून मी साइडवाइंडर हे जहाज निवडले. खेळ सुरू करणाऱ्या प्रत्येक नवख्याला ते फुकट मिळते, आणि अनुभवी खेळाडू त्याकडे आपण पहिल्या सायकलीकडे पाहतो तसे प्रेमाने पाहतात, पण त्यावर बसत नाहीत. वजन कमी करण्यासाठी मी त्यावरच्या तोफा काढल्या, संरक्षक कवच काढले, आणि बाकीचे यंत्रभाग सर्वांत हलक्या प्रतीचे बसवले. एवढे केल्यावर ते एका उडीत वीस प्रकाशवर्षांच्या आसपास जाऊ लागले. त्याच्या टाकीत दोन टन इंधन मावते आणि लांब उडीला जवळजवळ एक टन लागते. म्हणजे दोन उड्या झाल्या की कुठल्यातरी ताऱ्याच्या कडेने जहाज फिरवून, त्याच्या धगीतून हायड्रोजन गोळा करून टाकी भरायची. खिशात पन्नास रुपये असताना मी कॉलेजात स्कूटर याच पद्धतीने चालवीत असे.

रात्री मी कागदावर नियम लिहिले. एक, जहाज बदलायचे नाही. दोन, न्यूट्रॉन ताऱ्यांचा उपयोग करायचा नाही. (या ताऱ्यांच्या ध्रुवांतून निघणाऱ्या झोतात जहाज नेले की पुढची उडी चौपट लांब पडते, मला ते तिकीट न काढता गाडीत बसल्यासारखे वाटते.) तीन, कोणाची मदत घ्यायची नाही. चार, वाटेत कुठेही दुरुस्ती करायची नाही. पाच, दर शंभराव्या उडीला एखाद्या ग्रहावर उतरून पाय ठेवायचा. मग हिशेब केला. २६,००० भागिले २० म्हणजे १,३०० उड्या. आषाढी ते कार्तिकी एकादशी हे दिवस पंचांगात मोजले तर ११८ भरले. रोजच्या अकरा उड्या आणि वर फक्त दोन. अकरा हा आकडा पाहून आई एवढी प्रसन्न झाली की तो कागद तिने स्वतःच्या हाताने फ्रिजवर लावला, आणि माझ्याकडून चूक झाली ती नेमकी येथे. मनात धरलेला नेम आपला असतो. तो फ्रिजवर लागला की घराचा होतो.

पहिले दोन-तीन दिवस उत्साहात गेले. एक उडी म्हणजे साधारण मिनिटाचा मामला : जहाज ताऱ्याच्या दिशेने वळवायचे, इंजिन भारायचे, उलटी मोजणी, बोगदा, आणि धाडकन समोर नवा तारा. त्याच्या प्रकाशात एक भोंगा वाजवायचा. त्याने आसपासचे ग्रह नोंदले जातात. मग पुढचा तारा. त्यांची नावेही संगणकाने पाडलेली असल्यामुळे 'स्टुएमी एफजी-वाय डी७५६१' अशी, एखाद्या परदेशी आरटीओने दिलेल्या नंबरांसारखी असतात. अकरा उड्यांना टाकी भरण्यासह वीस-पंचवीस मिनिटे लागत. दहाव्या दिवसापासून मात्र या कामाला पोथीच्या रोजच्या अध्यायाची कळा आली. ऑफिसातून उशीर झाला तरी, डोके दुखत असले तरी, पाहुणे बसलेले असले तरी अकरा. पाहुण्यांसमोर आई सांगे, "त्याचे अकरा व्हायचेत अजून," आणि पाहुणे आदराने उठत. ते काय समजत असतील ते मी कधी विचारले नाही. एकदा संध्याकाळभर इंटरनेट बंद होते आणि हा खेळ त्याशिवाय चालत नाही, तेव्हा मी सुटल्याच्या आनंदात आडवा झालो. साडेअकरा वाजता इंटरनेट आले आणि बायकोने मला उठवले. चार महिने जिने चढणाऱ्या माणसाच्या मनात दुसऱ्याच्या नेमाविषयी दयामाया राहत नाही.

अडतिसाव्या दिवशी संकष्टी होती. आईचा उपवास, चंद्रोदय सव्वानऊच्या सुमारास. त्या दिवशी माझ्या नकाशातली एक खूण चुकून निघालेली होती, आणि ती फार महत्त्वाची असते. सगळ्याच ताऱ्यांपासून इंधन मिळत नाही. ओ, बी, ए, एफ, जी, के आणि एम या सात वर्गांचे तारे चालतात. थंड, तपकिरी बुटके तारे चालत नाहीत. खूण असली की नकाशा फक्त चालणाऱ्या ताऱ्यांवरून वाट काढतो. ती नव्हती, म्हणून त्याने मला एका तपकिरी बुटक्यावरून दुसऱ्या तपकिरी बुटक्यावर नेले. ४१२वी उडी संपली तेव्हा टाकीत एवढेच इंधन उरले होते की दिवे चालतील, पण उडी मारता येणार नाही. समोर निखारा विझल्यासारखा एक जांभळट गोळा, आणि घरापासूनचे अंतर आठ हजार प्रकाशवर्षांहून जास्त.

अशा वेळी बोलावण्यासाठी 'फ्युएल रॅट्स' आहेत. हे सगळे खेळाडूच. खेळात कोणाचे इंधन संपले की आपले काम सोडून तिथवर जातात, टाकी भरून देतात आणि एक पैसा घेत नाहीत. परंतु तिसरा नियम फ्रिजवर स्पष्ट अक्षरांत होता. मी आईला परिस्थिती सांगितली. ती बाल्कनीत चंद्राची वाट पाहत उभी होती.

"इंधन म्हणजे काय रे? खाणं की पाणी?"

मी विचार करून सांगितले की पाणी म्हणता येईल.

"मग चालतं की. तू काही निर्जळी धरला नव्हतास."

मी निरोप धाडला. माझ्या मदतीला निघालेला गृहस्थ युरोपातला कोणी होता. तो मोठ्या जहाजातून, मी वर्ज्य केलेल्या न्यूट्रॉन ताऱ्यांच्या झोतांतून उड्या घेत, मला अडतीस दिवस लागले ते अंतर सव्वा तासात कापून आला. आईचा चंद्र ढगात अडकला होता; माझा माणूस त्याच्याआधी उगवला. इंधन नेणारे एक छोटे यंत्र एक टन घेऊन येते, म्हणजे दोन यंत्रांत माझी टाकी गळ्याशी आली. तो सहसा किती यंत्रे सोडत असेल कोण जाणे, पण दोनांत काम आटोपल्याचे पाहून तो थोडा थांबला. मग त्याने मला एकच शब्द लिहून विचारला : "का?" चातुर्मास म्हणजे काय हे इंग्रजीत कसे सांगावे याचा मी विचार करीत होतो तोवर तो निघून गेला होता.

पुढचे पाचशे टप्पे मी वगळतो. ते माझ्याही फारसे लक्षात नाहीत. गणपती आले आणि गेले, पितृपंधरवडा झाला. बायकोचे पाय इतके सुधारले की ती भाजीच्या पिशव्या घेऊन माझ्याआधी वर पोहोचू लागली. ९००व्या उडीला मात्र नियम पाचप्रमाणे ज्या ग्रहावर उतरायचे होते त्याचे गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या जवळजवळ दुप्पट निघाले. तो आकडा पडद्यावर लिहिलेला असतो. मी तो वाचला नव्हता, कारण त्याच वेळी कुकरची तिसरी शिट्टी झाली आणि गॅस बंद करण्याची जबाबदारी माझ्यावर होती. परत येऊन पाहतो तो जहाज जमिनीकडे चालले नसून पडत होते. वजन कमी करण्यासाठी बसवलेले हलके इंजिन जिवाच्या आकांताने उलटा जोर लावीत होते आणि त्याला कोणी दाद देत नव्हते. कवच तर मीच काढून ठेवलेले. आदळल्यावर सांगाडा ३१ टक्के शिल्लक राहिला आणि समोरच्या काचेला, जुन्या एसटीच्या काचेला असतो तसा, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तडा गेला. मी खाली उतरलो, नियमाप्रमाणे पाय ठेवला, आणि कोणी पाहत नव्हते तरी जहाजाकडे न पाहता परत चढलो.

त्यानंतर ४०० उड्या मी ज्या जपणुकीने घेतल्या तशी मी खरी गाडीदेखील कधी चालवलेली नाही. जहाज फुटले तर न विकलेली सगळी नोंद नाहीशी होते आणि आपण शेवटच्या थांब्यावर, म्हणजे माझ्या बाबतीत थेट घरी, परत जातो. दर शंभरी आली की मी चंद्रापेक्षाही हलका एखादा धोंडा शोधून त्यावर मांजरासारखा उतरे. मध्य जवळ येऊ लागला तसे आकाश ताऱ्यांनी एवढे भरून आले की रात्र राहिलीच नाही.

कार्तिकी एकादशीच्या आदल्या रात्री मी पोहोचलो. ही घटना महत्त्वाची असल्यामुळे आई आणि बायको दोघी माझ्या मागे खुर्च्या घेऊन बसल्या. मे २०२२ मध्ये या कृष्णविवराचे नारिंगी कड्याचे पहिले छायाचित्र प्रसिद्ध झाले होते. ते मी दोघींना आधी दाखवून ठेवले होते, आणि वस्तुमान सुमारे ४३ लाख सूर्यांएवढे असल्याचेही सांगितले होते. खेळात मात्र तसे कडे वगैरे काही दिसले नाही. मधोमध एक गोल जागा, आणि तिच्या कडेने मागचे तारे पाण्याच्या थेंबातून पाहावेत तसे वाकलेले.

"कुठे आहे?" आईने विचारले.

"जे दिसत नाही ना, तेच ते."

"निर्गुण आहे होय," असे म्हणून तिने चष्मा काढला.

जवळच, स्टुएमी एफजी-वाय डी७५६१ या आधी सांगितलेल्या ताऱ्यापाशी, 'एक्सप्लोरर्स अँकरेज' नावाचे स्थानक आहे. २०१९ साली हजारो खेळाडू मिळून आकाशगंगेच्या दुसऱ्या टोकाला निघाले होते, त्या मोहिमेच्या श्रमांतून ते उभे राहिले. तिथे नोंदी विकता येतात, मग प्रथम पाहिलेल्या ताऱ्यांवर आपले नाव लागते, आणि जहाज दुरुस्त होते. मी तिकडे तोंड वळवले आणि म्हणालो, "उद्या कार्तिकी. नेम संपला."

"संपला कसा?" आई म्हणाली. "आपला खंडोबा. आपल्याकडे वांगं चंपाषष्ठीला सुटतं."

मी पंचांग आणले. कार्तिकीपासून चंपाषष्ठीपर्यंत पंचवीस दिवस होते.

"पण मी पोहोचलोय, आई. पुढे जागाच नाही."

"मग प्रदक्षिणा घाल."

मी मदतीच्या अपेक्षेने बायकोकडे पाहिले. ती चार महिन्यांत किती जिने चढली याचा हिशेब तोंडात घोळवत होती, आणि तिलाही आणखी पंचवीस दिवस लिफ्टमध्ये पाऊल ठेवता येणार नाही हे आत्ताच कळले होते. दया मागण्याची ती वेळ नव्हती. दुरुस्तीचेही मी विचारून पाहिले. जहाज आजारी आहे, आजारपणात सवलत असते, वगैरे. आईने फ्रिजवरचा कागद वाचला आणि ती म्हणाली की पाण्याचे ठीक होते, पण हे तर चक्क जेवण झाले.

त्यामुळे सध्या मी ३१ टक्के उरलेल्या, काचेला तडा गेलेल्या जहाजातून रोज रात्री सव्वादहा वाजता ४३ लाख सूर्यांच्या भोवती अकरा उड्या मारतो आहे, तेही उजवी घालून, कारण डावी घातलेली आईला चालत नाही. आज मार्गशीर्ष शुद्ध तृतीया. संध्याकाळी बायकोने भरताची दोन मोठी वांगी आणली असून ती फ्रिजवरच्या कागदाखाली, टोपलीत, सगळ्यांना दिसतील अशी ठेवली आहेत. सात उड्या झाल्या आहेत.