सोन्याचं हाय म्हणे

आमच्या बेळगाव भागात जावयाला सोनं द्यायचं तर अंगठी देतात. अंगठीचं एक बरं असतं, तिच्याविषयी शिकण्यासारखं काही नसतं. बोटात गेली की विषय संपला. माझ्या नशिबी घड्याळ आलं.

देणारे हिचे मामा, निपाणीचे. सगळी हयात तंबाखूच्या वखारीत गेल्यामुळे ऐकणाऱ्याला ठसका लागल्याशिवाय त्यांची गोष्ट पुरी होत नाही. आमच्या वास्तुशांतीला आले आणि चारचौघांत माझ्या हातावर एक मखमली डबी ठेवून म्हणाले, "जावईबापू, सोन्याचं हाय. गोवा पोर्तुगिजांकडं होता तवा पणजीत घेतलेलं. काजूच्या पोत्यात घालून चोर्ल्याच्या घाटातनं आणलंय. कस्टमवाल्यांनी पोतं तीनदा टोचलं!"

ही गोष्ट मी आधीही ऐकली होती. तेव्हा पोतं दोनदाच टोचलं होतं.

घड्याळ मात्र देखणं. गोल, पातळ, पिवळंधम्मक. डायलवर 'फेवर-ल्युबा, जिनिव्हा' आणि खाली बारीक अक्षरात '१७ ज्वेल्स'. हे घराणं स्वित्झर्लंडमध्ये १७३७ साली सुरू झालं आणि १८६० च्या दशकातच मुंबईत येऊन बसलं, त्यामुळे आमच्या वडीलधाऱ्यांना 'फेवर लुबा' हे नाव गिरगावातलंच वाटे. एचएमटीचा बंगळूरचा कारखाना निघाला १९६१ मध्ये, तोही जपानच्या सिटिझनच्या मदतीनं. तोवर मनगटाला काही बांधायचं तर ते विलायतीच.

पाहुणे जेवायला बसायच्या आत खानापूरच्या साडूंनी पट्टा काढून घड्याळ स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं. अठ्ठावीस ग्रॅम. मोबाइलवर दर काढला, गुणाकार केला आणि आयुष्यात पहिल्यांदाच मला 'अहो' म्हणाले. काच, काटे, डायल, आतलं मशीन, सगळं चोवीस कॅरेटच्या भावात धरलं होतं. मेव्हणीनं '१७ ज्वेल्स' वाचलं आणि तिचे डोळे विस्फारले. "आत सतरा खडे आहेत? कानातलं होऊन वर नथ होईल की!"

घड्याळ कधीचं सव्वाचारला थांबलेलं होतं. चावी देऊन बघावी असं कुणालाही वाटलं नाही. सोन्याला चालावं लागत नाही.

रात्री मी अभ्यासाला बसलो. अस्सल सोन्याच्या जुन्या स्विस घड्याळावर आकडा असतो. ७५० म्हणजे हजारात साडेसातशे भाग सोनं, अर्थात अठरा कॅरेट. ५८५ म्हणजे चौदा, ३७५ म्हणजे नऊ. शुद्ध सोनं मऊ, घड्याळाची पेटी त्यात टिकत नाही. हे मी हिला मोठ्या उत्साहानं सांगितलं. तिनं लाटणं न थांबवता विचारलं, "म्हणजे ९१६ नाही? मग सोनं कसलं ते!" आणि अख्खा जिनिव्हा एका वाक्यात निकालात निघाला.

आकड्याशिवाय शिक्काही असतो. १९९५ पर्यंतच्या स्विस पेट्यांवर अठरा कॅरेटला हेल्वेशिया नावाच्या बाईचं डोकं उमटवत आणि चौदाला खार. मी भिंग डोळ्याला लावून घड्याळ फिरवत बसलो.

"काय शोधूलाय एवढ्या रात्री?" ही म्हणाली.

'बाईचं तोंड' असं उत्तर द्यायचं वय राहिलेलं नाही. मी 'खार' म्हणालो. तिनं दिवा मालवला.

शेवटी शहापूरला सराफ गल्ली गाठली. काउंटरवरच्या पोरानं पहिला प्रश्न केला, "एचयूआयडी आहे काय?" दागिन्यावर हा सहा अक्षरी नंबर बंधनकारक झाला २०२३ मध्ये, आणि हा साठ वर्षांच्या घड्याळाचं आधारकार्ड मागत होता. आतून मालक आले. कसोटीचा दगड नाही, आम्ल नाही, मशीनही नाही. त्यांनी पट्टा सोडवला, पट्ट्याच्या दोन शिंगांमधली जागा उजेडात धरली आणि मला वाचायला लावलं. 'प्लाके २० मायक्रॉन.'

"मुलामा हाय हो," ते दिलगिरीनं म्हणाले. डॉक्टर नातेवाइकांशी बोलतात तसं. "पण चांगला मुलामा. हल्ली एक मायक्रॉन चढवायची मारामार, इथं वीस आहेत."

हजार मायक्रॉनचा एक मिलिमीटर. वीस म्हणजे डोक्यावरच्या केसापेक्षाही पातळ थर. माझ्या डोक्यावरचा हिशोब वेगळा, पण सर्वसाधारण केस धरा. "सगळं खरवडलं तर अर्धा ग्रॅम निघंल न निघंल," मालक म्हणाले. मग घड्याळ उलटं केलं. मागच्या झाकणावर 'स्टेनलेस स्टील बॅक' असं चक्क कोरलेलं होतं. वास्तुशांतीला जमलेल्या आमच्या तमाम पदवीधरांनी ते झाकण हातात घेऊन पाहिलं होतं. पुढच्या बाजूला एवढा पिवळा उजेड असला की मागचं इंग्रजी कोण वाचतंय!

सोनं गेलं, निदान वेळ तरी दाखवावी म्हणून खडेबाजारातल्या एका जुन्या घड्याळजींकडं गेलो. दुकान कसलं, एक टेबल आणि त्यामागं एक भिंग. गिऱ्हाइकाशी मराठी, घड्याळाशी कानडी. आमच्याकडं पाटी कुठल्या भाषेत हवी यावरून एवढा धुरळा उडतो, पण या टेबलावर घड्याळ कानडीत शिव्या खातं आणि मराठीत दुरुस्त होतं. कुणाचीही तक्रार नाही.

त्यांनी सुरीनं झाकण टचकन उघडलं आणि शीळ घातली. "बंगार अल्लरी," सोनं नाही, हे त्यांनी न विचारता सांगून टाकलं. "पण मशीन बघा!" भिंगातून मी पाहिलं. एवढ्याशा जागेत स्प्रिंगचे दोन डबे, शेजारी शेजारी. एक स्प्रिंग जाड करण्याऐवजी दोन बारीक घातल्या की मशीन पातळ राहतं आणि घड्याळ जास्त वेळ चालतं. पुरी जाडी तीन मिलिमीटरलाही कमी. आणि ते सतरा खडे? चाकांच्या आसांची टोकं घासून झिजू नयेत म्हणून बसवलेली, मोहरीहून लहान माणकं. तीही कारखान्यात बनवलेली. व्हर्नय नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं १९०२ मध्ये कृत्रिम माणकाची रीत जाहीर केली, तेव्हापासून घड्याळातल्या माणकाला घड्याळाबाहेर कोणी विचारत नाही. मेव्हणीची नथ तिथंच वितळली.

"मशीनचा नंबर २५१," ते म्हणाले. "बासष्टचा माल."

मी मनात वजाबाकी केली. हे मशीन निघालं १९६२ मध्ये. गोवा मुक्त झाला डिसेंबर १९६१ मध्ये. म्हणजे कस्टमवाले चोर्ल्याच्या घाटात काजूचं पोतं टोचत होते तेव्हा पोत्यातल्या घड्याळाचा जन्मच झालेला नव्हता. त्यांना ते सापडलं नाही यात नवल ते काय!

एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण घड्याळजींनी झाकणाची आतली बाजू माझ्यापुढं धरली. जुने कारागीर दुरुस्ती केली की तिथं टोच्यानं आपली खूण आणि तारीख कोरत. डॉक्टरांचे केसपेपर हरवतात, हे राहतात. झाकणात बारीक ओरखड्यांची रांग होती. सगळ्यात जुन्या ओरखड्यावर बोट ठेवून म्हातारा एकदम हळवा झाला. "हे आमच्या अप्पांचं अक्षर! याच टेबलावर उघडलंय हे. पासष्ट साल. आणि खालची खूण बघा, अप्पा विकायला ठेवलेल्या घड्याळावरच ती करायचे."

मामांनी घाट ओलांडला असेल-नसेल, खडेबाजार मात्र नक्की ओलांडला होता.

तेलपाणी होऊन घड्याळ घरी आलं आणि चालू लागलं. वेळ इतकी बरोबर की भिंतीवरच्या घड्याळाची मला शंका येऊ लागली. घरात मात्र त्याचा भाव उतरला. ते लॉकरमधून कपाटात, कपाटातून फ्रिजवर आलं. साडू मला पुन्हा 'अरे' म्हणू लागले. हिनं तर भाजीवाल्याकडं जाताना मी ते घालून जावं असं स्वतःहून सुचवलं.

आणि मग मामांचा फोन आला.

"जावईबापू, दाखवलंत काय सराफाला?"

"दाखवलं."

"काय म्हणाला?"

ऐंशी उलटलेला माणूस. पलीकडं मामींचा आवाज ऐकू येत होता. "असला माल आता मिळत नाही म्हणाला," मी म्हणालो. शब्दाशब्दाला खरं होतं.

"मिळणार कुठनं! कस्टमवाल्यांनी पोतं चारदा टोचलं होतं." मग आवाज खाली आणून म्हणाले, "कुणाला बोलू नका. तुमच्या साडूंसाठी बी एक काढून ठेवलंय. तुमच्यात सतरा, त्यात एकवीस माणकं हायत."

मी कुणाला बोललो नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी साडू खानापूरहून आले, माझी तब्येत विचारली, दोनदा 'अहो' म्हणाले आणि जाताना आमच्या स्वयंपाकघरातला काटा मागून घेऊन गेले.