तासाला 120

ऑगस्टमध्ये ययाती तारकासमूहातला उल्कावर्षाव असतो, पण तेव्हा आपल्याकडे वरून फक्त पाऊसच पडतो, त्यामुळे इथल्या हौशी माणसाचा खरा सण म्हणजे 13-14 डिसेंबरच्या रात्रीचा मिथुनेतला. 2023 ला तर 12 तारखेलाच अमावस्या, म्हणजे चंद्राची कटकट नाही, आणि जिथे बघावं तिथे लिहिलेलं, तासाला 120 उल्का. मिनिटाला 2! एवढ्या तर झोपेतही दिसतील असा हिशोब करून मी बायको, मुलगा आणि सासूबाईंना गाडीत घातलं आणि पुण्याहून सासवडच्या पुढे मित्राच्या शेतावर नेलं. बायकोची अट एकच, उद्या मार्गशीर्षातला पहिला गुरुवार आहे, घट मांडायचाय, सातला घरी म्हणजे घरी.

(120 हा आकडा बिल्डरच्या सुपर बिल्टअपसारखा असतो हे नंतर कळलं. आकाश ठार काळं हवं, उल्का जिथून येताना दिसतात तो मिथुनेतला बिंदू बरोब्बर डोक्यावर हवा, तेव्हा 120. हातात येतो तो कार्पेट.)

डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात. एकोणिसाव्या मिनिटाला मुलाने मोबाईल उघडला. परत शून्यापासून सुरुवात. मग शेजारच्या वावरातले काका कांद्याला दारं धरायला आले, कारण शेतीची लाईट तेव्हा रात्रीची होती, आणि त्यांनी बॅटरी थेट माझ्या तोंडावर मारून विचारलं, "काय सायेब, गाडी बंद पडली का?"

"नाही हो, उल्का बघतोय."

"आं? तारा तुटायचा बघाय पुण्यावरनं आला?" असं म्हणून ते गेले. त्या रात्री त्यांनी खाली बघून पाणी फिरवता फिरवता बहुतेक माझ्यापेक्षा जास्त पाहिल्या असतील.

मुख्य अडचण "तो बघ" ही आहे. उल्का सेकंदाला 35 किलोमीटरने येते आणि अर्ध्या सेकंदात संपते, बायको "अरे तो ब" पर्यंत पोचते तोवर खेळ खलास, मग मी जिथे ती पडली तिकडे बघत बसतो आणि पुढची माझ्या पाठीमागून जाते. सासूबाई मात्र सतरंजीवर आडव्या, कानटोपी, हातात जपमाळ, दिसली की एक मणी पुढे. दोनच्या सुमाराला शांतपणे म्हणाल्या, "पाव माळ झाली गं." माझ्या तेव्हा 3 झाल्या होत्या, त्यातली एक लाल दिवा लुकलुकवत लोहगाव विमानतळाकडे गेली.

मुलाने ज्ञान दिलं की बाबा, बाकीचे बहुतेक वर्षाव धूमकेतूंचे असतात, हा फेथॉन नावाच्या लघुग्रहाचा, त्याने मागे सोडलेले वाळूएवढे कण जळतात, आणि तो 1983 ला सापडला. म्हणजे माझ्याच वर्षीचा. तो साधारण 17 महिन्यांत सूर्याला फेरी मारतो, मला दव पडलेल्या सतरंजीवरून उठायला दोन माणसं लागली.

पावणेपाचला बायकोला आठवलं की आंब्याचा डहाळा राहिलाय, पाच पानांचा, आणि बांधावर झाड आहे. सासूबाई म्हणाल्या, अंधारात झाडाला हात लावू नये, ते झोपलेलं असतं. बायको म्हणाली, मग तो झाडाची माफी मागेल. मी झाडापाशी गेलो, माफी मागितली, डहाळा तोडला आणि पानं चाचपून मोजायला लागलो तेवढ्यात मागून तिघांचा एकदम आवाज, "आई गंऽऽ, केवढी मोठी!"

मी वर बघितलंच नाही, कारण हातातली पानं एकदम लख्ख हिरवट दिसली, शिरांसकट, अगदी क्षणभर.

चारच होती.