नदी वाचवा, पण पाणलोटाच्या वाटेला जाऊ नका

नदी पुनरुज्जीवनासाठी स्थानिक भागीदारी उभारायचं तुम्ही मनावर घेतलंच आहे, तर पहिली काळजी नकाशाची घ्या. समोच्च रेषांचा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांचा, नकाशा बैठकीत चुकूनही उघडू नका. त्यावर डोंगरमाथ्यावरून पाणलोटाची, म्हणजे जिथलं पावसाचं पाणी आपल्या नदीत उतरतं त्या सगळ्या जमिनीची, सीमा आखता येते, आणि ती एकदा आखली की नदीचं दुखणं जिथे सुरू होतं ती जागा आपल्या हद्दीतच नाही, हे सगळ्यांना दिसतं. नदीच्या जाळ्याची बरीचशी लांबी असते वरच्या अंगाच्या, धड नावही नसलेल्या ओहोळांची. मुख्य पात्र त्या मानाने तोकडं. पण ओहोळाकाठी व्यासपीठ मांडायला सपाट जागा कुठून आणणार? तेव्हा कार्यक्षेत्र ठरवताना सोपा नियम पाळा: गाडी जाते तिथवर पाणलोट.

आता भागीदार निवडा. वरच्या गावचा शेतकरी, गुरं चारणारा, खाणवाला, सांडपाणी सोडणारा कारखानदार आणि मासेमार अशी पाच माणसं एका टेबलाशी बसली तर कामाचं बोलणं सुरू होण्याचा धोका संभवतो. मासेमाराला तर आवर्जून वगळा. कुठला डोह कधी बुजला, कुठल्या महिन्यात पाण्याला वास येतो, हे त्याला तोंडपाठ असतं आणि तो ते विचारल्याशिवायही सांगतो. समन्वयकाचा पगार अंदाजपत्रकात धरायचा नाही. खोदाईला, सिमेंटला, रोपांना निधी मिळतो. गावोगाव फिरून भांडणं मिटवायला आणि एकमेकांचं तोंड न पाहणारी दोन सरकारी खाती एका खोलीत बसवायला पूर्णवेळ माणूस लागतो, हे निधी देणाऱ्यांना सहसा पटत नाही. तुम्हीही पटवायला जाऊ नका. समन्वयक नसलेली भागीदारी पहिल्या वादापर्यंत टिकते, आणि तोवर उद्घाटन उरकलेलं असतं.

बैठकीत कोणी न्यूयॉर्कचं नाव काढलं तर चहाची वेळ झाली असं जाहीर करा. त्या शहराने 1997 साली वरच्या अंगाची गावं, राज्य सरकार, केंद्रीय पर्यावरण यंत्रणा आणि पर्यावरण संस्था यांच्याशी लेखी करार केला. कॅट्सकिल आणि डेलावेअर पाणलोटातून येणाऱ्या पाण्यासाठी अवाढव्य गाळणी प्रकल्प बांधण्याऐवजी तिथल्या घरांच्या सेप्टिक टाक्या दुरुस्त करायला, शेतातलं शेणखत ओढ्यापासून लांब ठेवायला आणि जमिनी राखायला पैसे मोजले. खालच्याने पैसे द्यायचे, वरच्याने पाणी राखायचं. इतका उघडा व्यवहार झाल्यावर भाषणाला काय उरतं?

पाण्याची तपासणी मात्र टाळू नका. ती नीट केली तर, म्हणजे तुमच्या सोयीने केली तर, तिच्याइतकी उपकारक गोष्ट नाही. नमुना दुपारी तीनच्या सुमारास, लख्ख उन्हात घ्यावा. सांडपाण्यावर पोसलेलं शेवाळ त्या वेळी प्रकाशसंश्लेषणाच्या ऐन भरात असतं आणि पाण्यातल्या प्राणवायूचा आकडा कधीकधी संपृक्ततेच्याही, म्हणजे पाण्यात एरवी मावतो त्याच्याही, वर चढतो. तेच शेवाळ आणि गाळातले जिवाणू रात्रभर तो प्राणवायू खातात, आणि सूर्योदयाच्या जरा आधी पातळी तळाला जाते. मासे मरतात ते त्या वेळी. अहवालात आकडा असतो दुपारचा. त्यामुळे पहाटे पाचला बाटली घेऊन नदीवर निघालेला स्वयंसेवक दिसला, तर त्याच्या प्रकृतीची चौकशी करून त्याला घरी पाठवा.

बाटली भरण्याचीही कला आहे. तोंडापर्यंत भरून, बुडबुडा न ठेवता बूच लावणं आणि जागेवरच मँगनीज सल्फेट व अल्कली-आयोडाइड ही रसायनं घालून प्राणवायू ‘बांधून’ ठेवणं ही काटेकोर लोकांची खोड. तुम्ही अर्धी बाटली भरा आणि खडबडीत रस्त्याने न्या. उरलेला प्राणवायू वरच्या हवेतून आपसूक मिसळतो. बीओडीचा, म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जिवाणू किती प्राणवायू खातात ते मोजण्याचा, नमुना बर्फात ठेवू नका. प्रयोगशाळेत ती चाचणी 20 अंश सेल्सियसला 5 दिवस चालते. बंद गाडीच्या तापलेल्या डिकीत जिवाणू आपलं काम आधीच उरकायला घेतात, मग प्रयोगशाळेच्या वाट्याला कमीच घाण येते. नदी सुधारली! शिवाय पावसाळ्यातल्या पहिल्या लोंढ्याच्या दिवशी रजा घ्या. रस्त्यांवरची आणि शेतांवरची कित्येक महिन्यांची साठलेली घाण त्या काही तासांत नदीत उतरते, आणि असला आकडा वर्षाची सरासरी बिघडवतो.

दगड उलटून किडे पाहणाऱ्यांना मात्र वेळीच आवरा. ही मंडळी गुडघाभर पाण्यात जाळी धरून तिच्यासमोरचा तळ तीन मिनिटं पायाने ढवळतात आणि जे हाती लागेल ते पांढऱ्या ट्रेमध्ये ओततात. स्टोनफ्लाय आणि मेफ्लायची पिल्लं दिसली तर पाणी चांगलं; नुसत्या लाल अळ्या वळवळत असतील तर तळाशी प्राणवायूची बोंब आहे. त्यांच्या अंगातलं हिमोग्लोबिन त्यांना अशा पाण्यातही तगवतं, म्हणून तर त्या लाल. हे किडे महिनोन्‌महिने तिथेच राहत असल्याने त्यांना दुपारची वेळ गाठून फसवता येत नाही. खर्च एका जाळीचा आणि एका ट्रेचा, त्यामुळे बिलही फुगवता येत नाही. सर्व बाजूंनी गैरसोयीचा प्रकार.

इतकं करूनही ‘माथा ते पायथा’ म्हणत कोणी तुम्हाला डोंगरावर ओढत नेलंच, तर समतल चर, म्हणजे पाणी अडवायला उताराला आडवे, एकाच पातळीत धरलेले चर, खणा. पण पातळी मोजायची समपातळी नळी किंवा ए-फ्रेम घरी विसरा. नजर काय कमी असते? चर 60 सेंटिमीटर रुंद आणि 30 सेंटिमीटर खोल धरा. नजरेच्या हिशेबात अवघ्या एक टक्क्याची चूक झाली, तर 50 मीटर लांबीच्या चराची दोन टोकं अर्धा मीटर वरखाली होतात, म्हणजे चराच्या खोलीपेक्षा जास्त. सगळं पाणी एका टोकाला धावतं, तिथला बांध फोडतं आणि उतारावर नवी घळ पाडतं. याला अपयश म्हणू नये, पुढच्या प्रस्तावासाठी घळ तयार झाली असं समजावं. चराच्या मध्ये न खणलेल्या मातीचे आडवे अडथळे सोडले तर पाणी असं धावत नाही, म्हणून ते सोडू नका. खोदलेली माती खालच्या काठाला रचण्याची पद्धत आहे. तुम्ही ती वरच्या काठाला टाका, म्हणजे पहिल्याच सरीत ती परत चरात येईल. आणि काम पायथ्याकडून सुरू करा. वरचे चर नसताना अख्ख्या उताराचं पाणी खालच्या चरांवर कोसळतं, तेव्हाची छायाचित्रं भलतीच परिणामकारक येतात.

ओघळीतल्या दगडी बांधांचंही तसंच. वरच्या बांधाचा पायथा खालच्या बांधाच्या माथ्याच्या पातळीत यावा, असा जुना हिशेब आहे. ओघळीला पाच टक्के उतार आणि बांध एक मीटर उंच असेल, तर दोन बांधांत 20 मीटर अंतर येतं. म्हणजे ठेंगणे, पुष्कळ आणि कोणाच्या नजरेत न भरणारे बांध. त्यापेक्षा एकच टोलेजंग घाला आणि त्याचा माथा मध्यभागी उंच ठेवा. मध्ये सखल भाग ठेवला आणि दोन्ही टोकं काठात घुसवली तर पुराचं पाणी निमूट मधून उतरतं. माथा मध्ये उंच असला की ते बांधाला बगल देऊन काठ कापत जातं, बांध जागच्या जागी उभा राहतो आणि ओघळ शेजारून वाहते. तुमचा बांध वाहून गेला, असं मग कोणी म्हणू शकत नाही.

खरी शोभा पोकलेनची. नदी सरळ करा, खोल करा, काठांना दगडी भिंती घाला. डोह आणि खळाळ एकाआड एक असतात म्हणून पाण्यात हवा मिसळते आणि माशांना उन्हाळ्यात आसरा मिळतो. सपाट तळाच्या नालीत ही विविधता नसल्याने देखरेखीचा त्रास वाचतो. पात्र भोवतालच्या भूजलाच्या पातळीखाली खोदलं की काठच्या विहिरींतलं पाणी झिरपत नदीत येतं. महिनाभर नदी भरलेली दिसते. तेवढ्यात कार्यक्रम घेऊन टाका, विहिरी नंतर कोरड्या पडतात. खोदलेल्या भागाच्या वरच्या तोंडाशी जी पायरी पडते, तीही दर पुरात मागे मागे सरकत वरचा तळ खात जाते, तुमचं एक लिटर डिझेल न जाळता. अमेरिकेतल्या फ्लोरिडात किसिमी नदीवर हा प्रयोग 1962 ते 1971 या काळात सरकारी इतमामाने झाला. सुमारे 166 किलोमीटरची वळणावळणाची नदी 90 किलोमीटरच्या कालव्यात बसवली. पाणथळ जमिनी सुकल्या, पक्षी गेले, आणि मग 1999 पासून 2021 पर्यंत त्याच कालव्याचा काही भाग पुन्हा माती भरून बुजवण्याचं काम चाललं. एकाच नदीवर दोनदा कंत्राट, याहून टिकाऊ विकास कोणता?

वृक्षारोपणाबद्दल फार सांगायला नको. खड्डे मोजा, झाडं मोजू नका, आणि दुसऱ्या उन्हाळ्यानंतर तिकडे फिरकू नका.

शहरातल्या पावसाळी गटारांपासूनही चार हात लांब राहा. पावसाचा थेंब नसताना ज्या गटारातून पाणी वाहतं, त्याला कुठल्या तरी घराची मोरी किंवा संडास जोडलेला असण्याची दाट शक्यता असते. शंका असलेल्या संडासात फ्लोरेसिनचा रंग ओतून पाणी सोडायचं आणि खाली नदीच्या तोंडाशी हिरवी धार येते का पाहायचं, इतकी साधी ती तपासणी. साधी आहे म्हणूनच घातक. ती घराचा क्रमांक सांगते आणि ते घर समितीतल्याच कोणाचं निघू शकतं.

तीन वर्षांनी निधी देणारे ‘फरक का दिसत नाही’ असं विचारतील, तेव्हा गांगरू नका. शेतातलं नायट्रेट भूजलातून नदीपर्यंत पोहोचायला कित्येक वर्षं, कुठे कुठे दशकं लागतात, त्यामुळे आज खत कमी केलं तरी नदीतला आकडा लगेच उतरत नाही, असं शांतपणे सांगा. हे शंभर टक्के खरं असल्यामुळे त्यावर उत्तर नसतं. फॉस्फरसचं विचारलं तर तो तळाच्या गाळात बसून राहतो आणि प्राणवायू संपला की पुन्हा पाण्यात येतो, हेही खरंच आहे. अडचण तेव्हाच, जेव्हा कोणी चुकीच्या गटारजोडणीबद्दल विचारेल. ती दुरुस्त केली की काही दिवसांत फरक पडतो, मग ती का केली नाही? तो विषय दुसऱ्या टप्प्यात घेतला आहे असं सांगा, आणि दुसऱ्या टप्प्याच्या अंदाजपत्रकात पहिली रक्कम काठावरच्या दिव्यांसाठी धरा.