माल सुखरूप आहे म्हणे

आज दुपारी टीव्हीवर तांबड्या समुद्रात जहाजांवर होणाऱ्या हल्ल्यांवर चर्चा चालू होती. चार तज्ज्ञ, एक अँकर, मागे मोठा नकाशा आणि त्यावर लाल बाण. कंटेनरचं भाडं किती वाढतं, विम्याचा हप्ता कुठे पोचतो, कच्च्या तेलाचं काय होणार, सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घातला की दहा ते चौदा दिवस कसे जास्त लागतात, सगळं सगळं झालं. जहाजावर माणसं असतात हे एकालाही आठवलं नाही. शेवटी त्यातला एक म्हणाला, "सुदैवाने बहुतेक माल सुखरूप पोचतो आहे." बरं वाटलं हो ऐकून.

चिडून मी हेच शाळेच्या ग्रुपवर टाकलं. एका मित्राचं उत्तर तयारच होतं: "पगार बघ ना त्यांचे. एवढं तर चालायचंच."

म्हणून ही पोस्ट. लांब होणार आहे. ज्यांना रील बघायच्यात त्यांनी पुढे सरका.

मी बोटीवर होतो हे तुम्हाला माहीतच आहे. सोमाली चाचे ऐन भरात होते, म्हणजे 2008 ते 2012, तेव्हा मी सेकंड मेट, म्हणजे जहाजावरचा एक अधिकारी होतो. आमची बोट बल्क कॅरिअर, म्हणजे सुटा माल नेणारी. पूर्ण भरली की डेक पाण्यापासून फार वर राहायचा नाही, आणि वेग जेमतेम बारा नॉट, म्हणजे ताशी बावीसेक किलोमीटर. चाच्यांना असलंच गिऱ्हाईक आवडायचं. तेव्हाच्या मार्गदर्शक पुस्तिकेत लिहिलेलं असायचं की अठरा नॉटच्या वर पळणाऱ्या जहाजावर चाचे चढल्याची एकही नोंद नाही. आम्ही ते वाचून हसायचो. इंजिनरूममध्ये जाऊन चीफ इंजिनिअरला सांगायचं का, सहा नॉट वाढवा म्हणून?

येमेन आणि सोमालियाच्या मधलं एडनचं आखात जवळ आलं की तयारी सुरू. रेलिंगला सगळीकडून काटेरी रेझर वायरची वेटोळी. चामड्याचे ग्लव्ह्ज घालूनही मनगटं फाटायची. फायर होज बाहेरच्या बाजूला वळवून बांधायचे, म्हणजे कोणी शिडी लावली तर तोंडावर पाण्याचा मारा. आणि बुजगावणी. खरंच, बुजगावणी. जुन्या बॉयलर सूटमध्ये चिंध्या कोंबायच्या, वर हेल्मेट, आणि मागच्या डेकवर पहाऱ्याला उभी करायची, म्हणजे लांबून बघणाऱ्याला वाटावं माणसं बरीच आहेत. अब्जावधी डॉलरचा व्यापार ज्या रस्त्याने जातो तिथली आमची संरक्षणव्यवस्था ही: काटेरी तार, पाणी आणि चिंध्यांचा माणूस. समोरून येणार एके-47 आणि रॉकेट लाँचर.

आणि मग सिटॅडेल. हे नीट वाचा, कारण मला जे सांगायचंय ते इथे आहे.

चाचे वर चढलेच तर सगळ्यांनी पळत एका मजबूत खोलीत जायचं, आतून दार बंद करायचं आणि नौदलाची वाट बघायची. आमची ती जागा म्हणजे स्टिअरिंग गिअर रूम, सुकाणू फिरवणाऱ्या यंत्रांची खोली, अगदी मागे, खाली. आत पाण्याचे कॅन, डबाबंद खाणं, एक सॅटेलाइट फोन आणि ताडपत्रीच्या आडोशामागे एक बादली. बादली कशाला ते सांगायला नको. हायड्रॉलिक तेलाचा वास, पंपांचा आवाज, उकाडा असा की कागद हातात ओला व्हायचा.

ड्रिल झालं. अलार्म वाजला, सगळे धावत खाली. बोसनने, म्हणजे खलाशांच्या मुकादमाने, डोकी मोजली. 23. परत मोजली. 23. आम्ही होतो 24.

तुम्ही म्हणाल, एक कमी तर कमी, दार लावा. तसं नसतं. नौदलाचे कमांडो जहाजावर उतरायचे तर पहिली अट असते की यच्चयावत माणूस सिटॅडेलच्या आत हवा. एक जरी बाहेर चाच्यांच्या हातात असला तर कमांडो येत नाहीत, कारण गोळीबारात तोच जाणार. म्हणजे 23 जण आत कोंडून घेऊन बसले तरी त्या एकासाठी सगळा खेळ खलास. आणि दार उघडं ठेवून त्याची वाट बघितली तरी खलास. कॅप्टन दाराच्या कडीवर हात ठेवून उभा. कोणी कोणाकडे बघत नव्हतं. नुसतं ड्रिल होतं, तरी.

मग धापा टाकत कुक आला. एप्रन तसाच. कॅप्टनने त्याला जे झापलं ते इथे लिहिता येणार नाही. त्याने ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाला, "साब, कढईत तेल तापत होतं. ते तसंच सोडून आलो असतो तर चाचे चढायच्या आधी आपणच जळालो असतो."

आता सांगा, चूक कोणाची? कॅप्टन बरोबर होता. कुकही बरोबर होता.

तेव्हापासून समुद्रावरच्या हल्ल्याची कुठलीही बातमी आली की मी आधी माणसं शोधतो. किती होती, किती परत आली. बातमीत बहुतेक वेळा हा आकडा सर्वात खाली असतो, असला तर.

अॅस्फाल्ट व्हेंचर आठवतंय कोणाला? सप्टेंबर 2010 मध्ये सोमाली चाच्यांनी पळवलेला टँकर. 15 खलाशी, सगळे भारतीय. एप्रिल 2011 मध्ये खंडणी मिळाली, जहाज सोडलं. जहाजाबरोबर किती जण सोडले? 8. उरलेले 7 ठेवून घेतले, कारण भारतीय नौदलाने पकडलेले सोमाली चाचे त्यांना परत हवे होते. पैसे पोचले, जहाज सुटलं, आणि सात माणसं किनाऱ्यावर राहिली. ऑक्टोबर 2014 च्या शेवटी सुटली ती. चार वर्षं! त्या काळात आपण किती वेळा मेणबत्त्या लावल्या? कुठल्या चॅनेलने रोज कोपऱ्यात "आज अमुकवा दिवस" अशी पट्टी चालवली? मला तरी दिसली नाही.

आइसबर्ग वन नावाचं जहाज मार्च 2010 मध्ये पळवलं, त्यावरची माणसं सुटली डिसेंबर 2012 मध्ये. त्यांच्यातही भारतीय होते. नाहम 3 या मासेमारी जहाजावरचे 2012 ते 2016 अडकले. असे कितीतरी. गरीब देशांचे खलाशी, छोट्या मालकांची जुनी जहाजं. मालकाने हात वर केले की विषय संपला.

हो, सोमाली किनाऱ्यावर परदेशी ट्रॉलर्सनी मासे ओरबाडून नेले, तिथल्या कोळ्यांचं पोट मारलं, ते खरं आहे. पण त्याचा हिशेब आमच्या कुकशी कसा काय चुकता होतो, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

आणि नौदलाबद्दल मी काही वाकडं बोलणार नाही. 2008 पासून आपली जहाजं तिथे गस्त घालतायत. जानेवारी 2024 मध्ये लीला नॉरफोक या जहाजावर चाचे चढले, 21 जण सिटॅडेलमध्ये गेले, मार्कोस, म्हणजे आपल्या नौदलाचे कमांडो उतरले, 21 च्या 21 सुखरूप. याला म्हणतात मोजणी. त्याच वर्षी मार्चमध्ये रुएन. चाच्यांनी डिसेंबरपासून ताब्यात ठेवलेलं जहाज, आपल्या किनाऱ्यापासून 2600 किलोमीटरवर. आपली युद्धनौका आयएनएस कोलकाता, विमानातून पॅराशूटने उतरलेले कमांडो, 35 चाचे शरण, 17 खलाशी जिवंत. ती बातमी वाचताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, बायकोला विचारा.

पण चाचे परवडले, असं म्हणायची पाळी आता आलीय. चाच्याला तुम्ही जिवंत हवे असता. मेलेल्या खलाशाची खंडणी मिळत नाही. क्षेपणास्त्राला तुमच्याकडून काहीच नको असतं. नोव्हेंबर 2023 मध्ये येमेनमधल्या हौथी बंडखोरांनी हेलिकॉप्टरमधून उतरून गॅलक्सी लीडर हे जहाज पळवलं, 25 जणांना ओलीस ठेवलं, ते सुटले जानेवारी 2025 मध्ये. मधल्या काळात त्या जहाजावर लोक फिरायला जात होते, फोटो काढत होते. मार्च 2024 मध्ये ट्रू कॉन्फिडन्स या जहाजावर त्यांचं क्षेपणास्त्र पडलं, तीन खलाशी गेले, बाकीच्यांना आयएनएस कोलकाताने उचललं. जुलै 2025 मध्ये लागोपाठ दोन दिवस दोन जहाजांवर, मॅजिक सीज आणि इटर्निटी सी, हल्ले करून ती बुडवली. पहिल्यावरचे सगळे वाचले. दुसऱ्यावरचे सगळे नाही वाचले.

आमचं सिटॅडेल आठवतं मग. इतकी मेहनत करून सगळ्यांना एका खोलीत, पाण्याच्या पातळीजवळ, आतून कडी लावून बसवायचं. क्षेपणास्त्र किंवा ड्रोन बोट, म्हणजे स्फोटकं भरलेली बिनमाणसाची बोट, येणार असेल तर याच्यापेक्षा वाईट जागा नाही. आता बोसनने 24 मोजून कुठे न्यायचे? वर ब्रिजवर, जिथून जहाज चालवतात तिथे? इंजिनरूमपासून लांब, मधल्या जिन्यात? सध्या बोटीवर असलेली पोरं हाच विचार करत झोपतात. एक ज्युनिअर मला म्हणाला, "सर, लाइफजॅकेट घालूनच झोपतो." आणि तज्ज्ञ म्हणतो माल सुखरूप आहे.

कोणीतरी विचारणारच की जहाजावर बंदुका का देत नाहीत. खलाशी सैनिक नाहीत म्हणून. दर बंदराचे शस्त्रांचे कायदे वेगळे म्हणून. बंदूकधारी गार्ड आल्यावर अपहरणं कमी झाली, हे मान्य करतो. पण एनरिका लेक्सी विसरू नका. फेब्रुवारी 2012, केरळसमोरचा समुद्र, टँकरवरच्या इटालियन सैनिकांना मासेमारी बोट चाच्यांची वाटली आणि दोन कोळी गेले. ते चाचे नव्हते हो, तेही समुद्रावर पोट भरणारेच होते.

आणि 26/11. दहा जण समुद्रातून आले हे पाठ आहे सगळ्यांना. कुबेर नावाच्या मासेमारी बोटीवरून आले हेही बऱ्याच जणांना माहीत असेल. त्या बोटीवरचे चार खलाशी आधी मारले, तांडेलाकडून, म्हणजे बोटीच्या प्रमुखाकडून, बोट चालवून घेतली, मुंबई दिसल्यावर त्यालाही मारलं. पाच माणसं. त्या हल्ल्याचे पहिले बळी ते. दरवर्षी श्रद्धांजली वाहताना ते पाच कोणाच्या डोळ्यांसमोर येतात?

आता बंदरांचं. 2000 मध्ये एडनच्या बंदरात अमेरिकन युद्धनौका कोलवर स्फोटकांनी भरलेली छोटी बोट आदळवली, 17 नौसैनिक गेले. 2002 मध्ये येमेनजवळ लिंबर्ग टँकरवर तसंच. मधे 2001 मध्ये अमेरिकेत 9/11 झालंच होतं. मग जग जागं झालं आणि 1 जुलै 2004 पासून आयएसपीएस कोड, म्हणजे जहाजं आणि बंदरांच्या सुरक्षेचे आंतरराष्ट्रीय नियम, लागू झाला. सुरक्षेच्या तीन पातळ्या, प्रत्येक जहाजाचा सुरक्षा आराखडा, प्रत्येक बंदराचा वेगळा, गँगवेवर, म्हणजे जहाजावरून धक्क्यावर उतरायच्या शिडीवर, चोवीस तास पहारा. गरज होती, नाही म्हणत नाही.

पण झालं काय, की संशयित कोण ठरला? खलाशी! महिनोन् महिने पाण्यावर काढून बंदराला लागायचं, आणि कुठे व्हिसा नाही, कुठे टर्मिनलमधून गेटपर्यंत पायी जायला मनाई. आमच्या त्या कुकला एका बंदरात घरी फोन करायला बाहेर जाऊ दिलं नाही. कागदपत्रं पूर्ण, तरी नाही. त्याची मुलगी आजारी होती. गँगवेच्या खाली उभा राहून तो गार्डला समजावत होता आणि गार्ड मान हलवत होता. शेवटी त्या गार्डनेच स्वतःचा मोबाइल काढून दिला, तोही इकडेतिकडे बघून. देव त्याचं भलं करो. कढई बंद करून धावत येणाऱ्या माणसापासून बंदराला धोका होता, असं समजायचं आपण.

आणि माल? 4 ऑगस्ट 2020 ला बैरुतचं बंदर उडालं. दोनशेहून जास्त माणसं मेली. कुठलाही दहशतवादी नाही, चाचा नाही. 2750 टन अमोनियम नायट्रेट वर्षानुवर्षं गोदामात पडून होतं. ज्या जहाजातून ते आलं होतं, त्या ऱ्होससवरच्या कॅप्टनला आणि काही खलाशांना मालकाने वाऱ्यावर सोडलं होतं, आणि ते कित्येक महिने त्याच जहाजावर अडकून होते. उतरायची परवानगी नव्हती. माणसांवर पहारा चोख होता, स्फोटकावर नव्हता. आता मी जास्त बोललो तर पोस्ट रिपोर्ट होईल.

राहता राहिला पगार. धोक्याच्या घोषित पट्ट्यातून जाताना तेवढ्या दिवसांचा बेसिक दुप्पट मिळतो, आणि नकार देऊन उतरायचा हक्कही कागदावर आहे. आहे ना, मान्य. पण वीस वर्षांचा कॅडेट, म्हणजे शिकाऊ अधिकारी, घरी शिक्षणाचं कर्ज, तो पहिल्याच काँट्रॅक्टला "मी नाही जाणार" म्हणेल? आणि ओलीस असताना काय? ओलीस असलेल्या खलाशाचा करार आणि पगार चालूच राहील हे आंतरराष्ट्रीय नियमांत स्पष्ट लिहिलं गेलं ते 2018 च्या दुरुस्तीत, लागू झालं डिसेंबर 2020 ला. सगळा धुमाकूळ होऊन गेल्यावर. त्याच्या आधी कितीतरी घरांत नवरा सोमालियात ओलीस आणि इकडे पगार बंद, असं चाललेलं.

म्हणून, ज्यांचा मुलगा, भाऊ, नवरा बोटीवर जायच्या तयारीत आहे त्यांच्यासाठी एवढंच. काँट्रॅक्ट घरी आणून वाचा. ओलीस असतानाच्या पगाराचं कलम त्यात आहे का बघा. नोकरी लावणाऱ्या एजंटचं लायसन्स डीजी शिपिंगच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या जहाज वाहतूक खात्याच्या, यादीत स्वतः शोधा, त्याने दाखवलेल्या झेरॉक्सवर विश्वास ठेवू नका. जहाज कोणत्या मार्गाने जाणार, गार्ड असणार का, विमा कोणाचा, हे तोंडावर विचारा. "ते नंतर बघू" असं उत्तर आलं तर सही करू नका. काही अडलं तर मला मेसेज करा, रात्री उशिरा असला तरी चालेल.