फ्लूच्या तापात मुलांना अ‍ॅस्पिरिन देऊ नका

‘फ्लूचा ताप मेंदूत चढतो, मुलांना लगेच अ‍ॅस्पिरिन द्या’ असा मेसेज फिरतोय. त्यातली भीती अगदीच निराधार नाही. सल्ला मात्र घातक आहे. फ्लूमध्ये क्वचित मेंदूला सूज येते, पण ती बहुधा शरीराच्याच बेफाम प्रतिकारामुळे, ताप ‘चढल्याने’ नव्हे. उलट फ्लू किंवा कांजिण्यांत अ‍ॅस्पिरिन घेतलेल्या मुलांमध्ये राय सिंड्रोम दिसला: मेंदूला सूज, यकृताला इजा. १९८०च्या दशकात अमेरिकेत याबद्दल इशारे दिले गेले आणि रुग्ण झपाट्याने घटले. (डॉक्टरांनी दुसऱ्या आजारासाठी अ‍ॅस्पिरिन दिली असेल तर परस्पर थांबवू नका, त्यांना विचारा.) झटके, असंबद्ध बोलणे, न उतरणारी गुंगी दिसली तर थेट रुग्णालय गाठा. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका.